अंगावर शिसं बांधून उडी: फॉर्मेशन स्कायडायव्हिंगमधला फॉल रेट आणि वजन (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी लातूरची. वजन ४९ किलो. चार जणांच्या फॉर्मेशनमध्ये, म्हणजे विमानातून उडी मारून हवेत एकमेकांना धरून आकृती करताना, मी कमरेला शिसं बांधते. हे कळल्यापासून नांदेड, परभणी, बीड, संभाजीनगर, सगळीकडून निरोप येतात. कुणी नुकतंच टँडम (इन्स्ट्रक्टरला बांधून मारायची उडी) करून आलेलं असतं, कुणाचं लायसन्स झालेलं असतं आणि पहिल्यांदाच तिघा-चौघांत उडायचं असतं. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे. आधीच सांगते, हे वाचून कुणी परस्पर शिसं बांधू नका. तुमचा इन्स्ट्रक्टर तुम्हाला हवेत पाहतो, मी पाहिलेलं नाही.

१. फॉल रेट म्हणजे नेमकं काय?

पॅराशूट उघडायच्या आधी तुम्ही ज्या वेगाने खाली येता, तो तुमचा फॉल रेट. विमानातून निघाल्यावर वेग वाढत जातो आणि १०-१२ सेकंदांत एका ठिकाणी स्थिरावतो. तिथे हवेचा विरोध तुमच्या वजनाइतका झालेला असतो. पोट जमिनीकडे, हातपाय पसरलेले, अशा नेहमीच्या स्थितीत हा वेग बहुतेकांचा ताशी १९० किलोमीटरच्या आसपास असतो. कुणाचा १८०, कुणाचा २०५. एकट्याने उडताना या फरकाचं काही वाटत नाही. दोघं एकत्र उडाले की पहिल्या काही सेकंदांतच तो दिसायला लागतो.

२. शाळेत शिकवलं की जड आणि हलकी वस्तू सारख्याच वेगाने पडते. मग वजनाने फरक कसा पडतो?

शाळेतलं ते वाक्य हवा नसलेल्या जागेसाठी आहे. आपल्याकडचं खळं आठवा. वारा सुटला की उंच उभं राहून ज्वारीची उफणणी करतात. पाटी तीच, उंची तीच, वारा तोच. दाणा सरळ पायाशी पडतो आणि भूस लांब उडून जातं. पृथ्वी दोघांनाही सारखीच ओढते. पण भुसाचा पसारा मोठा आणि वजन नगण्य, म्हणून त्याच्यावर हवेची सत्ता चालते. दाण्याचं वजन त्याच्या पसाऱ्याच्या मानाने जास्त, म्हणून तो हवेला जुमानत नाही.

आकाशात आपलंही तेच होतं. वजन भागिले हवेला अडवणारा पसारा, हा हिशोब ज्याचा जास्त तो वेगाने खाली जातो. लहान अंगकाठीची पण भरीव माणसं कधी कधी उंच सडपातळ माणसापेक्षा वेगाने पडतात, ती यामुळेच. म्हणून नुसत्या वजनकाट्यावरून फॉल रेटचा अंदाज बांधू नका.

३. मी वर राहिले तर आर्च करून (अंग धनुष्यासारखं वाकवून) खाली येईन की. शिसं बांधायची गरजच काय?

हा मलाही पडलेला प्रश्न, आणि त्याचं उत्तर मला हवेतच मिळालं. सुरुवातीला मी माझ्यापेक्षा खूप जड तिघांबरोबर उडायचे. कंबर पूर्ण पुढे ढकलून, हात मागे ओढून, छाती उघडून मी कशीबशी त्यांच्या पातळीवर टिकायचे. टिकायचे म्हणजे तेवढंच करायचे. अंगात जेवढी आर्च होती ती सगळी खाली राहण्यातच खर्ची पडायची. मग वळायला, सरकायला, ग्रिप घ्यायला (दुसऱ्याला धरायला) काही उरायचंच नाही. हात लांबवला की मी वर तरंगायचे. तिघं माझ्याकडे बघत थांबलेले आणि मी त्यांच्या डोक्यावर.

फॉर्मेशनमध्ये प्रत्येकाला आपल्या मधल्या, सैल स्थितीत सगळ्यांच्या पातळीवर राहता आलं पाहिजे. तिथून थोडं वर, थोडं खाली, दोन्हीकडे जायला जागा हवी. शिसं तुमची मधली स्थिती सरकवतं. एवढंच त्याचं काम.

याला सुरक्षिततेची बाजूही आहे. वर राहिलेला माणूस घाईने खाली येताना बरोबर कुणाच्या पाठीवर आला, तर त्या पाठीमागच्या मोकळ्या, वारा तुटलेल्या हवेत त्याचा आधारच जातो आणि तो थेट खालच्याच्या अंगावर आदळतो. वरून खाली यायचं तर नेहमी बाजूला राहून, पातळी गाठून, मग आत. शिसं बांधलेलं असलं तरी हा नियम बदलत नाही.

४. किती किलो बांधलं की किती फरक पडतो?

ढोबळ हिशोब सोपा आहे. शिसं बांधल्याने पसारा जवळजवळ वाढत नाही, फक्त वजन वाढतं. अशा वेळी वजन जितके टक्के वाढतं त्याच्या साधारण निम्मे टक्के वेग वाढतो. वजन म्हणजे तुमचं, रिगचं (पाठीवरच्या पॅराशूटच्या सगळ्या सामानाचं), कपड्यांचं, हेल्मेटचं, सगळं मिळून. समजा हे सगळं ७० किलो भरलं आणि तुम्ही ताशी १८५ ने पडता. ४ किलो शिसं बांधलं तर वेग साधारण १९० होईल. पाचचाच फरक, पण ताशी ५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १.४ मीटर. दहा सेकंदांत १४ मीटर. चार मजली इमारतीइतकं अंतर झालं.

दुसरा मुद्दा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. समजा सगळ्या सामानासकट एकजण ६० किलो आणि दुसरा ९०. म्हणून ६० वाल्याने ३० किलो शिसं बांधायचं का? अजिबात नाही. ९० किलोच्या माणसाचं वजन जास्त तसा पसाराही जास्त. अंगठेवण सारखी धरली तर तो फार तर ७ टक्के जास्त वेगाने पडेल. तेवढा फरक भरून काढायला कागदावर ९ किलोच्या आत शिसं पुरतं. प्रत्यक्षात त्यातलं निम्मं तरी सूट आणि शरीराच्या स्थितीने भरून निघतं. अंगावर चढलेला किलो आणि कमरेला बांधलेला किलो, हवेला हे दोन वेगळे वाटतात.

मी सुरुवात २ किलोने करायला सांगते. एक जंप, व्हिडिओ बघा, मग ठरवा. एकदम ५-६ किलो बांधून पहिल्याच जंपला जाणाऱ्यांना मी थांबवते. त्याचं कारण प्रश्न ११ मध्ये आहे.

५. शिसं बांधायच्या आधी काय करून पाहावं?

सूट बघा, मग आर्च बघा. क्रम हाच.

सैल, सुती मिश्रणाचा, फडफडणारा सूट तुम्हाला वर ठेवतो. अंगाला बसणारा, गुळगुळीत कापडाचा सूट खाली नेतो. ड्रॉपझोनवर (उड्या मारायच्या ठिकाणी) भाड्याने मिळणारे सूट बहुधा मोठ्या मापाचे असतात. आपल्याकडच्या लहान चणीच्या मुली त्यात अक्षरशः शिडासारख्या फुगतात. मला आलेल्या तक्रारींपैकी कितीतरी नुसता मापाचा सूट घातल्यावर मिटल्या.

कापडाला हवेत काय बळ असतं ते समजून घ्यायचं तर पुण्याच्या पद्मश्री शीतल महाजन यांची २०१८ ची उडी आठवा. थायलंडमध्ये त्यांनी नऊवारी नेसून उडी मारली होती. एवढं कापड वाऱ्यात सुटू नये म्हणून ते नीट बांधून घेणं हाच त्या उडीतला मोठा भाग असणार, हे फडफडणाऱ्या सुटात अडकलेल्या कुणालाही लगेच कळेल.

आर्चचं म्हणाल तर नवख्यांची छाती उघडी असते पण कंबर अडकलेली असते. भीतीने गुडघे पोटाकडे येतात, पाठीला पोक येतो, आणि माणूस वाटीसारखा तरंगतो. हे शिशाने झाकता येतं, पण झाकू नका. सवय तशीच राहिली की पुढच्या प्रत्येक जंपला तिचा भार वाहावा लागतो.

६. माझं उलटं आहे. मी ९५ किलोचा, सगळ्यांच्या खाली जातो. मी काय करू?

सैल सूट घ्या, बाहीला आणि पायाला जास्त कापड असलेला शिवून घ्या, आणि हातपाय लांब ठेवून पाठ किंचित गोल करायचा सराव करा. खाली गेलेल्याला वर येणं हे वर राहिलेल्याने खाली येण्यापेक्षा खूप अवघड असतं. म्हणून फॉर्मेशनचा वेग ठरवताना तुमच्या आरामाच्या वेगाच्या जवळ ठेवतात आणि हलक्यांना शिसं देतात. तुमच्यामुळे इतरांना शिसं बांधावं लागतं म्हणून संकोच करू नका. पण सैल सुटाचा वाटा तुम्ही उचलायचा, हेही लक्षात ठेवा (प्रश्न २० पाहा).

७. मी अजून शिकतोय. आतापासून वजन बांधू का? आणि टँडमला?

दोन्हींना नाही. शिकणाऱ्याबरोबर उडणारा इन्स्ट्रक्टर स्वतःचा सूट आणि स्थिती बदलून तुमच्या वेगाला येतो. ते त्याचं काम आहे. टँडममध्ये तर दोघांचं वजन इतकं असतं की वेग कमी ठेवायला मागे ड्रोग नावाचं छोटं पॅराशूट सोडावं लागतं. ए लायसन्स, म्हणजे पहिला परवाना, किमान २५ जंपवर मिळतं. त्यानंतर लहान गटात उडायला लागलात की मग हा विषय येतो.

८. बेल्ट चांगला की व्हेस्ट? अंगावर नेमकं कुठे?

शरीराच्या मध्याजवळ, दोन्ही बाजूंना सारखं, आणि घट्ट. ही तीन पथ्यं.

बेल्ट कमरेला बांधतात. घालायला सोपा, वजन कमी-जास्त करता येतं. पण तो सरकतो. खाली सरकून पायाच्या पट्ट्यांवर आला तर हार्नेस (रिगचे अंगाला आवळायचे पट्टे) नीट आवळला जात नाही, आणि मागे सरकला तर पॅराशूट उघडायच्या हँडलच्या वाटेत येतो. म्हणून विमानात चढण्याआधी हात मागे नेऊन हँडलला खरंच पोचतोय का, हे मी दर वेळी बघते. पुढून उजवीकडचं कटअवे (बिघडलेलं मुख्य पॅराशूट सोडून द्यायचं) आणि डावीकडचं रिझर्व्हचं (राखीव पॅराशूटचं) हँडल, दोन्ही मोकळी दिसली पाहिजेत. व्हेस्ट छातीपाठीवर बसतो, सरकत नाही, आणि जास्त वजनाला तोच बरा. फक्त रिग त्याच्यावरून घालायची असल्याने पट्ट्या पुन्हा मापून घ्याव्या लागतात आणि उन्हाळ्यात जीव घुसमटतो.

पायाला किंवा मनगटाला मात्र कधीच नाही. मध्यापासून लांब बांधलेलं वजन तुम्हाला तिरकं करतं, आणि वळण सुरू करायला व थांबवायला, दोन्हीला वेळ लागतो.

९. शिसंच का? वाळूच्या पिशव्या, जिमच्या लोखंडी पट्ट्या चालणार नाहीत?

शिसं पाण्याच्या अकरापटीहून जड. ५ किलो शिशाचे छर्रे पाऊण लिटरच्या बाटलीइतक्या जागेत मावतात. तेवढीच वाळू घेतली तर तीन लिटरांच्या वर जागा लागेल. मग अंगाला उंचवटे येतील, पसारा वाढेल, आणि वाढवलेल्या वजनाचा फायदा तोच पसारा खाऊन टाकेल. लोखंडी छर्रे चालतात. जागा जवळपास दीडपट घेतात, पण विषारी नसतात. हा त्यांचा मोठा गुण आहे.

जिमच्या पट्ट्या नकोत. कडक धातूचा सपाट तुकडा बरगडीवर बांधून जमिनीवर पडलात तर काय होईल याचा विचार करा. छर्रे पिशवीत अंगाच्या आकाराला वळतात.

१०. जुन्या बॅटरीतलं शिसं वितळवून घरीच पिशव्या केल्या तर? आमच्याकडे भंगारात मिळतं.

हात जोडून सांगते, करू नका. बॅटरीत आम्ल असतं, आणि शिसं वितळवताना उठणारा धूर आणि धूळ घरात, अंगणात, भांड्यांवर बसते. लहान मुलांच्या मेंदूवर शिशाचा परिणाम होतो आणि तो भरून निघत नाही. विकतचे छर्रे घ्या. जाड कापडाच्या दुहेरी पिशवीत, आतून प्लास्टिकच्या बंद पाकिटात, घट्ट शिवून घ्या. नाथसागरावर पैठणकडे मासेमारांच्या फेकजाळ्याच्या काठाला शिशाच्या गोळ्या असतात, ती माणसंही जाळं आवरल्यावर हात धुऊनच भाकरीला बसतात. पिशवी फाटली, करडी धूळ दिसली, की ती पिशवी गेली असं समजा. आणि बेल्ट घरात लेकरांच्या हाती लागेल असा टांगू नका.

११. उतरताना त्रास होतो का? पॅराशूट तर तेवढंच असतं ना?

याच प्रश्नासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

शिसं तुम्हाला मिनिटभराच्या फ्रीफॉलमध्ये (पॅराशूट उघडायच्या आधीच्या पडण्यात) मदत करतं, आणि त्याची किंमत तुम्ही पॅराशूटखाली मोजता. हवेत बांधलेलं शिसं उतरेपर्यंत अंगावरच असतं. हिशोब बघा. सगळं मिळून ७० किलो, पॅराशूट १५० चौरस फुटांचं. किलोचे पौंड केले तर १५४ भागिले १५०, म्हणजे विंग लोडिंग (पॅराशूटच्या दर चौरस फुटावर किती पौंड) १.०३. आता ५ किलो शिसं बांधा. विंग लोडिंग १.१० होतं. पॅराशूटचा पुढचा आणि खालचा, दोन्ही वेग सुमारे साडेतीन टक्क्यांनी वाढतात. ऐकायला कमी वाटतं. पण जमिनीवर आदळताना तुमच्या पायांना पेलायची ऊर्जा वजन आणि वेगाच्या वर्गावर ठरते, आणि ती जवळजवळ १५ टक्क्यांनी वाढलेली असते.

माझा डावा घोटा यातच गेला. पाच किलो बांधलेलं, पॅराशूट नेहमीचंच, दुपारची वेळ, वारा पडलेला. फ्लेअर (उतरताना शेवटी दोऱ्या खेचून वेग मारणं) मी माझ्या रोजच्या उंचीवर केला, पण मी रोजच्या वेगाने येत नव्हते. धावत सावरता येईल असं वाटलं, तिसऱ्या पावलाला पाय मुरगळला. सहा आठवडे गेले. त्या दिवशी मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

त्यानंतर मी स्वतःपुरते तीन नियम केले. शिसं घालायचं ठरलं की पॅराशूट एक माप मोठं घ्यायचं. नवं पॅराशूट आणि नवं वजन एकाच जंपला कधी सुरू करायचं नाही. आणि शिसं वाढवल्यानंतरची पहिली जंप सकाळच्या थंड हवेत, लहान गटात, मोकळ्या मैदानावर. धावत उतरायचा हट्ट सोडून दोन्ही पाय जुळवून बाजूला लोळायची तयारीही ठेवते.

पॅराशूट उघडतानाही फरक जाणवतो. जास्त वेग आणि जास्त वजन म्हणजे झटका जोरात. मान आधीपासून दुखत असेल तर हे अंगावर काढू नका.

१२. उन्हाळ्यात शिसं कमी-जास्त करावं का?

फ्रीफॉलसाठी नाही. गरम हवा विरळ असते, सगळेच जण सारख्या प्रमाणात वेगाने पडतात, आपसातला फरक तेवढाच राहतो. उंचीचंही तसंच. चार हजार मीटरवर हवा समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश असते, म्हणून वर वेग जास्त असतो, पण तो सगळ्यांचाच.

उतरण्यासाठी मात्र होय. संभाजीनगरसारख्या साडेपाचशे मीटरहून थोड्या जास्त उंचीच्या ठिकाणी, जानेवारीच्या १२ अंशांच्या सकाळच्या तुलनेत मेच्या ४२ अंशांच्या दुपारी तेच पॅराशूट साधारण ५ टक्के जास्त वेगाने उतरेल. त्यात ५ किलो शिशाचे साडेतीन टक्के मिळवा. मराठवाड्यातलं ऊन अंगवळणी पडलेली माणसं उन्हाचं भय बाळगत नाहीत, पण पॅराशूटला ही सवय नसते. कडक उन्हात मी शिसं कमी करते आणि आर्चवर जास्त मेहनत घेते.

१३. रिगला वजनाची मर्यादा असते का?

असते, आणि ती शिशासकट मोजायची. हार्नेस, मेन पॅराशूट, रिझर्व्ह, तिन्हींच्या कमाल मर्यादा वेगळ्या असू शकतात. त्यातली सर्वांत कमी ती तुमची. ती बहुधा पौंडांत छापलेली असते, किलोला २.२ ने गुणा. रिझर्व्हकडे खास लक्ष द्या. मेन पॅराशूट मोठं घेऊन आपण निश्चिंत होतो, पण वाईट दिवशी ज्याच्याखाली उतरायचं ते रिझर्व्ह लहानच राहिलेलं असतं.

१४. जास्त वेगामुळे एएडी (रिझर्व्ह आपोआप उघडणारं यंत्र) चुकून उघडेल का?

नाही. उदाहरणार्थ सायप्रेस एक्स्पर्ट नावाचं एएडी जमिनीपासून साधारण ७५० फुटांवर, सेकंदाला ३५ मीटरपेक्षा जास्त वेग असेल तरच उघडतं. पॅराशूट व्यवस्थित उघडलेलं असताना चार-पाच किलो शिशाने तुम्ही त्या वेगाच्या जवळपासही जात नाही.

१५. एक्झिटलाच मी मागे फेकली जाते. वजन बांधलं की हे थांबेल?

थोडंसं. विमानातून निघताना वारा समोरून येतो, खालून नाही. हलक्या माणसाला तो मागे जास्त ढकलतो. पण पहिल्या दोन-तीन सेकंदांत खाली पडण्याचा वेग सगळ्यांचा जवळजवळ सारखाच असतो, वजनाचा फरक नंतर उघडा पडतो. एक्झिटला वेगळं होण्याचं कारण बहुतेकदा उशिरा निघणं किंवा छाती वाऱ्याकडे न करणं हेच असतं. जमिनीवर दाराची खूण करून मोजणीचा सराव करा. शिशाने वेळ चुकलेली दुरुस्त होत नाही.

१६. एकादशीचा उपवास असला की मी हलकी होते का? जेवून गेले तर बरं का?

अर्ध्या किलोने ताशी पाऊण किलोमीटरसुद्धा फरक पडत नाही. तो आर्च सहज भरून काढते. पण उपाशीपोटी, उन्हात, पाणी न पिता चार हजार मीटरवर जाऊ नका. उपवास असेल तर भगर, शेंगदाणे, ताक, काहीतरी पोटात असू द्या.

१७. माझा फॉल रेट मला कसा कळेल? जंप महाग आहेत.

दोन वाटा आहेत. हेल्मेटमध्ये बसणारं, आवाज करून उंची सांगणारं ऑडिबल अल्टिमीटर जंपचा सरासरी वेग नोंदवून ठेवतं. एकाच जंपमधल्या दोघांच्या नोंदी शेजारी ठेवल्या की फरक दिसतो. वेगवेगळ्या दिवसांच्या नोंदींची तुलना करू नका, हवा बदललेली असते.

दुसरी वाट विंड टनेल, म्हणजे खालून वर जोराचा वारा सोडणारा उभा बोगदा. तुम्ही सैल स्थितीत एका जागी तरंगत असताना वाऱ्याचा जो वेग लागतो, तोच तुमचा फॉल रेट. आपल्याला आता यासाठी परदेशी जायची गरज नाही. हैदराबादला इनडोअर स्कायडायव्हिंग सुरू झालं आहे, आणि नांदेड-लातूरकडून हैदराबाद रात्रीच्या प्रवासावर आहे. प्रत्यक्ष जंपसाठी हरियाणातल्या नारनौलला किंवा थायलंडला जाण्याआधी टनेलमधली दहा मिनिटं मला जास्त मोलाची वाटतात. तिथे शिक्षक तुमच्या कमरेला हात लावून सांगतो की आर्च इथून हवी.

१८. ड्रॉपझोनजवळ तळं असेल तर? स्कूबाचा बेल्ट चालेल का, तो झटक्यात सुटतो.

आपण पोरं विहिरीत पोहायला शिकलो ती पाठीला भोपळा बांधून. शिसं म्हणजे त्याच्या बरोबर उलट. त्यामुळे पाणी जवळ असेल तिथे मी शिसं बांधतच नाही. बांधायचंच असेल तर बेल्ट सगळ्या कपड्यांच्या वर, एका हाताने सुटेल असा हवा, आणि पाण्यात उतरायचं प्रशिक्षण झालेलं हवं. स्कूबाचं बक्कल मात्र आहे तसं वापरू नका. ते चटकन सुटण्यासाठीच बनवलेलं असतं आणि फ्रीफॉलमध्ये कुणाच्या ग्रिपने ओढलं गेलं तर सुटेल. वरून पडलेला शिशाचा बेल्ट खाली शेतात कुणाचा जीव घेऊ शकतो. म्हणून खाली पाणी नसून जमीन असेल, तर हवेत कितीही अडचण आली तरी शिसं सोडून द्यायचं नाही.

१९. पाच किलो शिसं विमानाने न्यायचं कसं? आणि दर वेळी सोबतचे बदलले तर?

केबिन बॅगेत नको. शिशातून एक्स-रे आरपार जात नाही, काळा ठोकळा दिसतो आणि बॅग उघडली जाते. चेक-इन बॅगेत ठेवा, आत काय आहे याची चिठ्ठी लावा, विचारलं की सरळ सांगा. देशातल्या बऱ्याच तिकिटांवर १५ किलोच सामान मिळतं, त्यातलं पाच शिशाला गेलं. म्हणून मी रिकाम्या खिशांचा बेल्ट नेते आणि पिशव्या ड्रॉपझोनवर मागते.

सोबतचे बदलले की शिसंही बदलायला लागतं. अर्ध्या-अर्ध्या किलोच्या पिशव्या केल्या की सोपं जातं. कुणाबरोबर किती बांधलं हे लॉगबुकात लिहा, पुढच्या वेळी तोच अंदाज कामी येतो. मोठ्या फॉर्मेशनमध्ये हे एकट्याने ठरवायचं नसतंच. ८ फेब्रुवारी २००६ ला थायलंडमधल्या उदोन थानीवर ४०० जणांनी एकमेकांना धरून विश्वविक्रम केला. अशा ठिकाणी आयोजक वेग ठरवतो आणि तुम्ही त्याला येऊन मिळता. तुमच्या व्हिडिओवाल्यालाही हेच लागू. तो वर तरंगत राहिला तर तुमची फॉर्मेशन ठिपक्याएवढी दिसेल आणि गुण मोजणाऱ्याला ग्रिप दिसणार नाहीत.

२०. आमच्या चौघांत मीच हलकी. दर वेळी मीच का शिसं बांधायचं? बाकीच्यांनी सावकाश पडावं.

हा प्रश्न मुलीच विचारतात, आणि तो रास्त आहे. उत्तर दोन्ही बाजूंनी आहे.

चार जणांच्या स्पर्धेत विमानातून निघाल्यापासून ३५ सेकंदांत किती फॉर्मेशन झाल्या ते मोजतात. थोडा जास्त वेग असला की वाऱ्याचा दाब जास्त, हातापायाच्या लहान हालचालीलाही अंग चटकन प्रतिसाद देतं. म्हणून चांगले संघ मुद्दाम वेग चढा ठेवतात आणि सगळेच थोडंफार शिसं बांधतात. तिथे प्रश्न तुमच्या एकटीचा राहत नाही.

पण हौसेने उडणाऱ्या गटात जडांनी घट्ट गुळगुळीत सूट घालायचे आणि हलकीने आठ किलो शिसं उचलायचं, याला मी सरळ नकार देते. त्या शिशाने धोका फक्त तिच्या गुडघ्या-घोट्यांना आहे. आधी जडांनी सैल सूट घ्यावा, आर्च कमी करावी, वेग मध्यावर आणावा. मग उरलेला फरक हलकीने भरावा. हे विमानात बसण्याआधी, सगळ्यांसमोर बोला. वयाने मोठ्या दादांना सांगायचं कसं, असं मनात येतं, मलाही यायचं. व्हिडिओ लावा आणि त्यांनाच विचारा की सूट कुणाचा सैल दिसतोय आणि कुणाचा घट्ट.

आमच्या चौघांत आता मी अडीच किलो बांधते. ८८ किलोच्या दादाने सूट नवा शिवून घेतला, बाह्या चार बोटं रुंद. आणि हँगरपासून विमानापर्यंत माझा बेल्ट तोच उचलून आणतो.